गुंडा हमालाची एकशे चाळीस पावलं

सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या रस्त्यावर पाच फ्लेक्स कायम लागलेले असायचे. दोन वाढदिवसाचे, एक निवडीचा, एक हार्दिक स्वागताचा आणि एक गेल्या दिवाळीचा, जो उतरवायचं कुणीच अंगावर घेतलं नव्हतं. गुंडा माने, वय सासष्ट, निवृत्त हमाल, दोन वर्षं रोज सकाळी या पाचही फ्लेक्ससमोर उभा राहायचा. एकेकापुढं तीन-तीन मिनिटं. मान वर, हात मागं, नजर नेत्याच्या गॉगलवर.

लोकांना वाटलं, म्हातारा राजकारणात शिरला.

खरी गोष्ट अशी, की गुंडाची डावी पोटरी एकशे चाळीस पावलांनंतर बंद पडायची. आधी जड व्हायची, मग ओलं कापड पिळावं तशी आतून आवळायची. पुढं पाऊल टाकणं अशक्य. तीन मिनिटं उभं राहिलं की कळ जायची, जणू काही झालंच नव्हतं. मग पुन्हा एकशे चाळीस. गुंडानं मोजली होती. मोजायची सवय जुनी होती. थप्पीला किती पोती लागली हे मुकादमाच्या आधी त्याच्या तोंडात असायचं.

आता, पाय दुखतो तर माणूस रस्त्यात थांबेल, कुणी काय म्हणणार आहे? पण गुंडाला थांबता येत नव्हतं. आड आली होती त्याचीच जीभ.

जत तालुक्यातल्या एका गावातून तो पंधराव्या वर्षी सांगलीत आला. गावात पाणी टँकरनं यायचं आणि कामही तसंच, आलं तर आलं. इथं यार्डात हळदीची पोती होती, आणि ती संपत नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्यानं ती गाडीतून गोदामात आणि गोदामातून गाडीत नेली. तिरप्या लावलेल्या फळीवरून, पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन, हात न लावता. टोळीतल्या कुणी मधेच पोतं टेकवलं, कुणी भिंतीला पाठ लावली, की गुंडा जाता जाता म्हणायचा, "काय पाहुणं, च्या सांगू का?" एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण ते ऐकून एक जण यार्ड सोडून रिक्षा चालवायला गेला होता. म्हातारे, तापातून उठलेले, पोरीचं लग्न उरकून दोन रात्री न झोपलेले, गुंडाच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. दम घेणारा माणूस त्याला माणूस वाटायचा नाही.

असा माणूस यार्डाच्या रस्त्यात एकशे चाळीस पावलांवर थांबणार कसा? तेव्हा तो फ्लेक्स बघायचा. फ्लेक्स जवळ असेल तर एकशे वीसवरच थांबायचा, पण थांबायचा फ्लेक्सपुढंच.

पाचातले दोन फ्लेक्स युवा नेते साईराज यांचे होते. त्यांच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांनी मोटारसायकल थांबवली.

"आप्पा, रोज बघतोय मी. तुमच्यासारखी जुनी माणसं आमच्यामागं उभी हायत, म्हणून आमी हाय."

गुंडाची पोटरी अजून मोकळी झाली नव्हती. तो तिथून हलूच शकत नव्हता. "व्हय व्हय," म्हणाला. पंधरा दिवसांनी एका कार्यक्रमात साईराजांनी त्याला ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणून शाल आणि नारळ दिला, फोटो काढला. रक्तवाहिनी तुंबल्याबद्दल सत्कार झालेला सांगलीतला तो बहुधा पहिलाच इसम.

रक्तवाहिनी तुंबली आहे हे अर्थात तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पहिला डॉक्टर म्हणाला, वय झालं. दुसऱ्यानं कमरेचा एमआरआय काढायला लावला आणि मणक्यात गॅप निघाला. सासष्ट वर्षांच्या हमालाच्या मणक्यात गॅप नाही निघणार तर काय निघणार? पट्टा दिला. गुंडा पट्टा बांधून एकशे चाळीस पावलं चालू लागला. मग एका हाड बसवणाऱ्यानं तेल चोळलं, तेही पोटरीला नाही, कमरेला. कारण पट्टा कमरेला होता.

आणि मग साताऱ्याहून मेहुणा आला. हंबीरराव, निवृत्त सुभेदार. बायकोचा थोरला भाऊ. सैन्यातून परतून अकरा वर्षं झाली होती, पण अजून खुर्चीत बसतानाही कुणीतरी हुकूम दिल्यासारखा बसायचा.

"दाजी, तुमचं चालणं कमी पडतंय," हंबीरराव म्हणाला. "बॉडीला चालवलं पायजे. आमी बर्फात चाळीस-चाळीस किलोमीटर मारायचो."

"तवा तुमच्या पाठीवर काय असायचं, सुभेदार?"

"पिठ्ठू. पंचवीस किलो."

"मग बरोबर हाय," गुंडा म्हणाला. "रिकामं चालायला सोपं जातं."

हंबीररावानं मनावर घेतलं नाही. त्यानं आपले कॅनव्हासचे बूट दाजीला दिले आणि चार दिवस रोज सकाळी त्याला पुढं घालून कृष्णेच्या घाटापर्यंत नेलं. वाटेत फ्लेक्स नव्हते. गुंडानं दात खाऊन पाय ओढला. पाचव्या दिवशी डाव्या अंगठ्याला फोड आला. हंबीरराव साताऱ्याला परत गेला, बूट ठेवून. फोड फुटला, त्याची जखम झाली, आणि ती जखम दोन महिने भरली नाही. मग अंगठ्याचं टोक काळं पडायला लागलं.

तेव्हा त्याची बायको अंजना त्याला मिरजेला घेऊन गेली. ती जन्मात फार बोलली नव्हती, पण त्या दिवशी रिक्षात म्हणाली, "मणक्याचा डागदर नगं. पायाचा बघा कुनीतरी."

रक्तवाहिन्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद बघितले नाहीत. आधी गुंडाची चप्पल बाजूला केली, दोन बोटं पावलावर ठेवली, मग घोट्याच्या मागं, मग गुडघ्याखाली, मग जांघेत. मग उजव्या पायाला तेच केलं.

"किती चाललं की दुखतं?"

"एकशे चाळीस पावलं."

"साधारण एवढी ना?"

"साधारण कशाला? मोजलेली हायत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे दोन वर्षांत कुणाला सांगितलं होतं?"

"कुनी इचारलं न्हाई."

"विडी?"

गुंडाचा हात शर्टाच्या खिशावर गेला. अंजना म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्सं. दिसाला दोन बंडल."

क्विंटलचं पोतं टाकायला ज्याला क्षणही लागायचा नाही, त्याला दोन बोटांतली विडी टाकायला ही खोली बघावी लागली. गुंडानं शर्टाच्या खिशातलं बंडल काढून टेबलाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डॉक्टरांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. असली नाटकं त्यांच्यापुढं दिवसाला चार होत असणार. (पुढची गोष्ट अशी, की गुंडानं पुन्हा विडी ओढली नाही. पण ते डॉक्टरांना तेव्हा कसं कळणार?)

मग डॉक्टरांनी सरळ सांगितलं. डाव्या पावलाला नाडी लागत नाही. मांडीतली धमनी कुठंतरी बंद आहे. अंगठा गेल्यात जमा. पाय राहील की नाही, ते एका गोष्टीवर आहे: गुडघ्याखाली धमनी उघडी सापडली तर वरून खाली दुसरी वाहिनी जोडता येईल. नाही सापडली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

"ती उघडी हाय का न्हाई, कसं कळणार?"

"एमआरआय. पण कमरेचा काढला तसला नाही. हातातून औषध सोडायचं आणि ते धमन्यांतून खाली जाताना फोटो घ्यायचे. सीटीनं नाही काढत, तुमच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम फार आहे, त्याच्या पांढऱ्यात औषधाचा पांढरा कळणार नाही. आणि वेळ फार नाही. आठवडाभर. मग काळं वर चढेल आणि मला फोटोची गरज उरणार नाही."

किडनीसाठी रक्त तपासलं, ठीक निघालं. सोमवारी फोटो.

एमआरआयच्या सेंटरमध्ये गुंडाला अंगावर धातू आहे का, हे पाच जणांनी विचारलं. पाचव्याला तो म्हणाला, "आधीच्या चौघांना इचारा की." चांदीचा करदोटा अंजनानं सोडवून घेतला. टेबलावर त्याला झोपवणारी मुलगी होती प्रियदर्शनी, तिथली टेक्निशियन. कुरुंदवाडकडची, वडील हळदीच्या अडतीत दिवाणजी. हे कळल्यावर गुंडाला बरं वाटलं. तिनं हातात सुई बसवली, पायांवर मशीनच्या चौकटी बांधल्या, कानात बोळे घातले.

"मामा, काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं. मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा. वीस सेकंद. जमेल?"

गुंडाला हसू आलं. श्वास रोखणं? एक्केचाळीस वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? पोतं पाठीवर येतं तो क्षण, फळीच्या वरच्या टोकाचा क्षण, सगळे रोखलेल्या श्वासावर काढलेले.

"वीस काय घेऊन बसलीस, ताई. चाळीस मोज."

मशीन सुरू झालं. आवाज पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा. मग कानात प्रियदर्शनीचा आवाज आला: श्वास घ्या, रोखा. गुंडानं छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. नंतर हातातून थंड काहीतरी वर चढलं. पुन्हा: श्वास घ्या, रोखा. गुंडानं त्याहून जोरात रोखला. आपण किती चांगलं काम करतोय याचं त्याला समाधान वाटलं. शेजारच्या खोलीत ही पोरगी चकित झाली असणार.

ती चकितच झाली होती.

"मामा, हललात."

"हललो न्हाई."

"हललात."

"ताई, ओल्या फळीवरनं चढलोय मी. हललो असतो तर कवाच मोडून पडलो असतो."

प्रियदर्शनीनं वाद घातला नाही. त्याला खुर्चीवर बसवून पडद्यापुढं नेलं. दोन पाय दिसत होते, धुक्यात उभे असल्यासारखे. एकेका रेघेशेजारी दुसरी रेघ.

"आधी औषध न देता एक फोटो काढतो," ती म्हणाली. "मग औषध देऊन दुसरा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की हाड, मांस सगळं जातं. धमनीच उरते."

गुंडा पडद्याकडं बघत राहिला. "म्हंजी बारदान वजा."

"बरोबर!" प्रियदर्शनी म्हणाली. अडतीतल्या दिवाणजीची मुलगी ती; भरल्या पोत्याच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तेव्हा हळद किती ते कळतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "पण मामा, तुम्ही मधेच पोतं बदललंत."

यार्डात हे वाक्य चोराला म्हणतात. गुंडाच्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

"पहिल्यांदा गुडघे एवढ्यावर होते," तिनं दोन बोटं दाखवली, "दुसऱ्यांदा आणखी वर. श्वास रोखला की तुमचं सगळं अंग ताठ होतंय. पोट, मांड्या, पोटऱ्या. पाय उचलताय तुम्ही."

तेव्हा गुंडाला कळलं. त्यानं आयुष्यात श्वास रोखला तो फक्त उचलायला. श्वास आत गेला की पाय आपोआप दाबून बसायचे, मांडी दगड व्हायची. त्याच्या अंगाला श्वास रोखून काहीही न करणं कुणी शिकवलंच नव्हतं. टोळीतल्या सगळ्यांत आळशी माणसाला जे पहिल्या फटक्यात जमलं असतं, ते गुंडा मान्याला जमलं नव्हतं.

"परत काढ."

"आता नाही. औषध अंगात फिरतंय, पहिला फोटो कोरा येणार नाही. गुरुवारी या. आणि मामा, घरी सराव करा. श्वास सोडून थांबायचं. कष्ट करू नका."

कष्ट करू नका. गुंडाला असं याआधी कुणी बोललं नव्हतं.

मंगळवारी दुपारी साताऱ्याहून हंबीरराव आला. त्याला फोनवर पाय कापायचं कळलं होतं, बुटांचंही कळलं होतं. म्हणून आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. त्यानं दाजीला सोप्यात चटईवर आडवं केलं, घड्याळ काढलं आणि ओरडला, "दाजी, सावधान! हिलना नहीं!"

गुंडा बांबूसारखा ताठ झाला. दोन्ही टाचा चटईवरून उचलल्या गेल्या.

"बघा, जराबी हलला न्हाई," हंबीरराव म्हणाला.

"दादा, तू भायेर बस," अंजना म्हणाली. सुभेदाराला इतक्या कमी शब्दांत कुणी कधी माघारी पाठवलं नव्हतं. तो बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.

अंजनानं दोन वाट्या काठोकाठ पाण्यानं भरल्या आणि नवऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या वर एकेक ठेवली. "आता दाबा श्वास."

गुंडानं दाबला. दोन्ही वाट्या सांडल्या. तिनं पुन्हा भरल्या. पुन्हा सांडल्या. चटई भिजली, धोतर भिजलं. पाचव्यांदा अंजनानं वाट्या भरता भरता वर बघितलं.

"काय पाहुणं," ती म्हणाली, "च्या सांगू का?"

तिनं हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्या वाक्यानं यार्डातून घरी बसलेल्यांच्या बायका तिला पाणी भरताना भेटायच्या. गुंडानं भिजलेलं धोतर पिळलं आणि पुन्हा आडवा झाला. अंगठ्याला ठणका लागला होता. दोन दिवसांत काळं नखाच्या मुळापर्यंत आलं होतं.

बुधवारी सकाळी त्यानं पडल्या पडल्या विचार केला. उचलायचा श्वास चालत नाही. मग दुसरा कुठला? आणि त्याला आठवलं: पोतं थप्पीवर टाकल्यानंतरचा. पोतं पाठीवरून सुटतं, छातीतला सगळा वारा बाहेर जातो, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आधी एक रिकामी जागा येते. हात लोंबकळतात, गुडघे कुणाचेच नसतात. दिवसाला तीनशेदा ती जागा येऊन गेली होती आणि तिथं तो कधी टिकला नव्हता. टिकला असता तर त्याला स्वतःलाच चहा सांगावा लागला असता.

"वाट्या ठेव," तो म्हणाला.

त्यानं मनात पोतं टाकलं. वारा बाहेर गेला. तो तिथंच राहिला. अंजनानं मोजलं. एकोणीस, वीस, एकवीस. वाटीतलं पाणी हललं नाही.

"ह्ये काम न्हाई," गुंडा उठून बसत म्हणाला. "ह्ये तर नुसतं बसून खाणं झालं."

"मग खावा की एकदा," अंजना म्हणाली.

गुरुवारी प्रियदर्शनीनं "श्वास सोडा, थांबा," म्हटलं आणि गुंडानं पोतं टाकलं. एकदा कोरं, एकदा औषधासकट. टेबल सरकत गेलं, पोट, मांड्या, पोटऱ्या. बाहेर आल्यावर त्यानं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती.

"पोतं तेच हाय का?"

"तेच हाय, मामा."

पडदा तिनं त्याच्याकडं वळवला. काळ्यावर पांढऱ्या दोन रेघा, पोटातून निघून दोन पायांत उतरलेल्या. उजवी खालपर्यंत गेली होती. डावी मांडीच्या मधे संपली होती. तिथून वीतभर काहीच नव्हतं, नुसत्या कोळिष्टकासारख्या बारीक फांद्या. आणि गुडघ्याच्या खाली, जिथं काहीच नसेल असं सगळ्यांनी मनात धरलं होतं, तिथं एक रेघ पुन्हा सुरू झाली होती. बारीक, पण घोट्यापर्यंत सलग. प्रियदर्शनीनं त्यावर बोट ठेवलं. अहवाल देणं तिचं काम नव्हतं. पण बोट तिनं तिथून काढलं नाही.

डॉक्टरांनी फोटो बघून ऑपरेशनला शनिवार दिला. उजव्या मांडीतली शीर काढून डाव्या पायात जोडली. अंगठा गेला. पाय राहिला.

"टोळीत असं चालायचं न्हाई," शुद्धीवर आल्यावर गुंडा म्हणाला. "काम डाव्याचं आनि भार उजव्यावर."

हंबीरराव दवाखान्यात आला तेव्हा फळांची पिशवी घेऊन आला आणि खुर्चीत पहिल्यांदाच पाठ टेकून बसला. जाताना पलंगाखालचे कॅनव्हासचे बूट त्यानं गुपचूप पिशवीत घातले. ते तिथं अंजनानंच आणून ठेवले होते.

तीन महिन्यांनी गुंडा घरातून निघाला आणि चहाच्या गाडीपर्यंत गेला. सातशे बारा पावलं. पाचही फ्लेक्स गेले, तो थांबला नाही. चौथ्या दिवशी साईराजांची मोटारसायकल आडवी आली.

"आप्पा, आमच्याकडं बघतबी न्हाई तुमी आता. कुनी कान भरलं का?"

"न्हाई गा. तवा पाय चालत नव्हता म्हणून थांबत हुतो."

साईराज मोठ्यानं हसले. त्यांना हे राजकीय वाटलं. जाता जाता म्हणाले, "लय खोल बोलला, आप्पा."

पुढच्या आठवड्यात नवा फ्लेक्स लागला. खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे बारा चेहरे, त्यात शाल पांघरलेला गुंडा. अंजना त्या दिवशी बरोबर होती. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. गुंडा थांबला. दुखत काही नव्हतं. त्यानं फोटो नीट बघितला, वरपासून खालपर्यंत. खालपर्यंत म्हणजे छातीपर्यंत. बाकीचा माणूस फ्लेक्सवाल्यानं जागेसाठी कापला होता.

"डागदरला जे कापवलं न्हाई," गुंडा म्हणाला, "ते ह्यानं कापलं."

मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. अंजना पुढं निघाली होती. वळून म्हणाली, "च्या सांगू का?"

"सांग," गुंडा म्हणाला, "दोन सांग," आणि चालायला लागला.